पूरग्रस्तांना मदत पाठवताय? या चुका टाळा

पुराच्या बातम्या सुरू झाल्या की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "जुने कपडे वॉचमनकडे आणून द्या." ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीसाठी आम्हीही तेच केलं. गठ्ठे उघडले तर आत चेन तुटलेल्या जीन्स, कुणाच्या तरी लग्नातली शेरवानी, जरीचे घागरे आणि एकाच पायाचा बूट. साधी सुती साडी, परकर, टॉवेल शोधूनही सापडेना. निवडानिवडीत आमचे दोन दिवस गेले. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही असेच कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. मच्छीमारांनी ते घातले नाहीत, आणि का घालावेत? घर वाहून गेलं म्हणून माणसाची लाज वाहून जात नाही.

माळा रिकामा करायचाय की मदत करायचीय, हे आधी ठरवा. कपडे द्यायचेच असतील तर धुऊन, मापाप्रमाणे वेगळे बांधा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा. आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड नवेच घ्या.

दुसरी चूक घाईची. २०१९ ला पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता. अशा वेळी हौसेने गाडी काढणारा रांगेत भरच घालतो. तेव्हा लागतात बोटी आणि त्या चालवणारे. तुमची-आमची गरज पाणी ओसरल्यावर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी शिरली आणि जाताना घराघरांत, दुकानादुकानांत चिखल ठेवून गेली. तिथे बिस्किटांपेक्षा फावडी, घमेली, खराटे, गमबूट आणि ब्लीचिंग पावडर जास्त कामाची.

डांबरी रस्त्यालगतच्या गावात ट्रकवर ट्रक रिकामे होतात, आतल्या वाडीत काहीच पोचत नाही. निघण्यापूर्वी तिथल्या आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, फोन करा. कोण बाळंतीण आहे, कुणाच्या शुगरच्या गोळ्या वाहून गेल्या, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

फोटो काढू नका. (धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे स्टिकर लावण्याचा प्रकारही २०१९ ला झालाच.)

फोन करून एकदा विचारलं म्हणजे झालं, असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छपरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर-उस्मानाबादकडची ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. दगडाची धास्ती लोकांनीच घेतली होती, काँक्रीट त्यांनाही हवं होतं. म्हणजे हेतू चांगला आणि मागणीही खरी. पण शहरातल्या कॉलनीसारखे रुंद सरळ रस्ते आणि ओळीने घरं आखली, त्यात गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा? मराठवाड्याच्या उन्हात स्लॅब तापायचा तो वेगळाच. मग लोकांनी घरापुढे पत्रे ठोकून आपापली सोय लावली. भीतीच्या पहिल्या आठवड्यातलं उत्तर आणि दोन उन्हाळ्यांनंतरचं उत्तर एकच नसतं.

म्हणून पुन्हा फोन करा. पुरानंतर महिन्याने आम्ही केला, तेव्हा पलीकडून एक काका म्हणाले, "धान्य बास झालं. पोरांचे शाळेचे दाखले भिजलेत, सातबारा गेलाय. तहसीलला बरोबर यायला कुणी लिहितं-वाचतं माणूस आहे का तुमच्यात?"