मुलांना चित्राबद्दल बोलतं करताय? या चुका टाळा

चित्र हातात आलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला: "हे काय काढलंस?" दोन-अडीच वर्षांच्या मुलाकडे याला उत्तरच नसतं. खडू फिरवला की रेघ उमटते, त्याला मजा त्याचीच. रेघोट्यांना नावं देणं साधारण तीन-साडेतीनच्या सुमारास सुरू होतं, तेही बहुधा काढून झाल्यावर. सकाळची लोकल संध्याकाळी राणीबागेतला पेंग्विन झाली, तर "सकाळी ट्रेन म्हणालास ना?" असं कोंडीत पकडू नका.

विचारण्यापेक्षा दिसतंय ते बोला. "किती गोल गोल आहेत इथे! ही लाल रेघ तर पार कागदाबाहेर गेली." मग गप्प बसा. हेच सगळ्यात कठीण, आपल्याला लगेच पुढचं सुचतं. मनात दहा आकडे मोजा. "बाहेर नाही, ती विरारला गेली" असं काहीतरी येईल. त्यावर "विरारला कोणाकडे?" एवढंच पुरे.

दुसरी खोड दुरुस्तीची. तीन-चार वर्षांची मुलं डोक्यातूनच हातपाय फुटलेला माणूस काढतात, ते वयाला धरूनच आहे. "पोट कुठंय याचं?" म्हणालात की गप्पा संपल्या. पुढे पाच-सहाव्या वर्षी बिल्डिंगच्या भिंतीतून आतली माणसंही दिसू लागतात. तिथे तर विचारायला केवढं असतं: तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं, लिफ्ट कोणी अडवलीय? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा हायस्कुलात येतीलच, आत्ताच कशाला?

नुसतं "वा, छान!" म्हटलं तरी बोलणं खुंटतं. त्यावर मूल काय बोलणार?

अख्खा कागद काळा केला म्हणून धसका घेऊ नका. काळाच खडू हाताशी असेल, किंवा चित्रात लाइट गेले असतील. झोप, जेवण, खेळणंही बदललं असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोला.

तरीही बोलत नाही? वेळ चुकत असेल. रंगवता रंगवता विचारलं की हात थांबतो. पाहुण्यांपुढे "सांग ना काकांना" केलं की स्वारी आईच्या मागे. शेजारी बसून तुम्हीही काहीतरी गिरगटा, समोर बसून मुलाखत नको. बोललं की त्याचे शब्द कागदाच्या मागच्या बाजूला तारीख घालून लिहा. मराठी, हिंदी, इंग्लिश, सगळी मिसळ असली तरी तशीच.