समुद्र नसलेल्या देशाच्या मासळीचे आकडे कसे वाचावेत

मुंबईत मासळी म्हटली की डोळ्यांसमोर ससून डॉक, भाऊचा धक्का आणि ट्रॉलर येतात, त्यामुळे ज्या देशाला किनाराच नाही त्याच्या मत्स्योत्पादनाचा कल अभ्यासायला घेतला की आपला अंदाज पहिल्याच पायरीवर चुकतो. ही पद्धत मलावीच्या उदाहरणावरून मांडतो. आग्नेय आफ्रिकेतल्या या देशाला समुद्र नाही, मात्र मोझांबिक आणि टांझानिया यांच्याबरोबर वाटून घेतलेले सुमारे २९,६०० चौरस किलोमीटरचे मलावी सरोवर आहे.

आकड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची मालिका घ्यावी. ती १९५० पासूनची असून विनामूल्य मिळते. उतरवून घेताना पकडलेली मासळी आणि शेततळ्यांत वाढवलेली मासळी वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवावी, कारण दोहोंच्या वाढीची कारणे निराळी असतात. मलावीत दुसरा आकडा पहिल्याच्या तुलनेत किरकोळच आहे; सरोवरातल्या मूळ जातींच्या रक्षणासाठी तिथे परक्या जाती पाळण्यावर निर्बंध आहेत, हे त्यामागचे एक कारण. मालिकेत ‘सागरी’ हा रकानाही दिसेल. तो लगेच पुसून टाकू नये, कारण सागरी मासेमारीचा आकडा सर्वसाधारणपणे नौकेवर ज्या देशाचा झेंडा असेल त्या देशाच्या नावे लागतो, आणि भूवेष्टित, म्हणजे किनारा नसलेल्या, देशाच्या झेंड्याखालीही जहाज महासागरात फिरू शकते. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने तो हक्क मान्य केला आहे. देशाच्या सीमाही तपासाव्यात. इथिओपिया भूवेष्टित झाला तो १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाल्यावर. त्याआधीच्या आकड्यांत तांबड्या समुद्रातली मासळी आहे, हे विसरल्यास सीमेची रेष उत्पादनातली घट म्हणून वाचली जाते.

आता मुख्य काम. मी पहिल्यांदा मलावीचा आलेख काढला तेव्हा फक्त एकूण टनांची रेषा घेतली, अलीकडच्या वर्षांत ती वर जाताना पाहिली आणि खाली ‘उत्पादन समाधानकारक वाढत आहे’ असे लिहून मोकळा झालो. वर्सोवा कोळीवाड्यातल्या माझ्या एका मित्राने कागदावर नजर टाकून विचारले, “अरे, पण वाढलं काय? पापलेट की जवळा?” एवढ्या एका प्रश्नाने तो आलेख रद्द करावा लागला.

म्हणून एकूण आकडा आधी जातींत फोडावा. मलावीत ज्या माशाला पापलेटाचा मान आहे तो चांबो. तो आपल्या उजनीच्या चिलापीचा जवळचा भाऊबंद. बेसुमार मासेमारी आणि बारीक आसाची (म्हणजे बारीक छिद्रांची) जाळी यांमुळे त्याची पकड गेल्या शतकाच्या अखेरीस इतकी कोसळली, की सरकारला २००३ ते २०१५ या काळासाठी चांबोच्या पुनरुज्जीवनाचा खास आराखडा करावा लागला. त्याच्या जागी आली ती उसिपा, बोटाएवढी रुपेरी मासळी, जी थव्याने फिरते, साधारण वर्षभरच जगते आणि रात्री दिव्याच्या उजेडात जमवून पकडली जाते. आज एकूण टनांत मोठा वाटा तिचा आहे. म्हणजे रेषा वर गेली तरी त्या टनांतली मासळी बदलली, भाव बदलला आणि अंदाजाची खात्रीही कमी झाली, कारण वर्षभर जगणाऱ्या मासळीची पकड एका हंगामात दुप्पट आणि पुढच्या हंगामात निम्मी होऊ शकते. अशा जातीसाठी एकेका वर्षाची तुलना करू नये; पाच वर्षांची सरकती सरासरी, म्हणजे दर वर्षी त्या वर्षासह मागच्या चार वर्षांची सरासरी, घ्यावी.

उसिपामुळे वजनाचाही प्रश्न येतो. ती काठावर उंच मांडवांवर पसरून उन्हात वाळवतात. आपल्याकडे मढ-वर्सोव्याला दोऱ्यांवर बोंबील लटकतात, तसाच वास आणि तशीच पावसाची धास्ती. ओल्या बोंबलाची टोपली वाळल्यावर किती उरते हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको की बाजारातल्या सुक्या किलोचा आणि पाण्यातून काढलेल्या ओल्या किलोचा हिशेब एक नाही. संघटनेची पकडीची मालिका ओल्या, म्हणजे जिवंत वजनात असते, आणि व्यापाराचे तक्ते मालाच्या प्रत्यक्ष वजनात. दोन्ही एकाच आलेखात सरळ मिळवू नयेत.

यानंतर पाणी पाहावे. किनाऱ्यावरच्या देशाचा आलेख वाचताना आपण डिझेलचा भाव आणि पावसाळी बंदी पाहतो, तर इथे सरोवराची पातळी पाहावी लागते. मलावीच्या दक्षिणेला चिल्वा नावाचे उथळ सरोवर आहे, त्यातून बाहेर वाहणारी नदी नाही. चांगल्या वर्षी देशाची जवळजवळ पाचवा हिस्सा मासळी ते देत असे. पाऊस चुकला की ते आटते. १९६८ मध्ये आटले, १९९५ मध्ये पुन्हा आटले. मात्र दलदलीत आणि मिळणाऱ्या ओढ्यांत तग धरलेले मासे पाणी परतले की काही वर्षांत सरोवर पुन्हा भरून टाकतात. असा खड्डा आणि चांबोची घसरण आलेखावर सारखीच दिसते, पण पहिल्यात पाऊस हा उपाय आहे आणि दुसऱ्यात जाळ्याचा आस.

आकडा कसा गोळा झाला हेही विचारावे. हजारो लहान होड्यांची पकड कोणी रोज तोलत नाही. निवडक काठांवर नमुना मोजतात आणि होड्यांच्या गणतीने गुणतात, त्यामुळे गणती किंवा पद्धत बदलली की एका वर्षात उडी दिसू शकते. सगळ्या जाती एकाच वर्षी सारख्याच प्रमाणात वाढलेल्या दिसल्या, तर माशांआधी मोजणीवर संशय घ्यावा. सलग वर्षे तोच आकडा किंवा शेवटी तीन शून्ये दिसली, तर तिथे अंदाजाची खूण आहे का ते पाहून ती वर्षे आलेखात तुटक रेषेने काढावीत.

शेवटी लोकसंख्येने भागावे. जनगणनेनुसार मलावीची लोकसंख्या १९७७ मध्ये सुमारे ५५ लाख होती, २०१८ मध्ये १ कोटी ७५ लाख. म्हणजे या काळात पकड दुप्पट झाली असे धरले, तरी माणशी वाट्याला आलेली मासळी एकतृतीयांशाहून अधिक घटते. ताटातली मासळी काढायची असेल तर भागाकारापूर्वी आयात मिळवावी, निर्यात आणि पशुखाद्यात गेलेला भाग वजा करावा, आणि त्यासाठी सुके वजन आधी ओल्यात बदलून घ्यावे.