काम नेमकं कुठे अडलंय? एमएस प्रोजेक्टमधले व्ह्यू आणि रिपोर्ट कसे वापरावेत

घराचं बांधकाम चालू असतं. शनिवारी संध्याकाळी पगारवाटप उरकलं की तीन जण तीन प्रश्न घेऊन येतात. घरमालक विचारतात, "वास्तुशांत कधीची धरू?" मुकादम विचारतो, "सोमवारी गवंडी कुठे लावू?" आणि ठेकेदारांना हवं असतं, पुढच्या महिन्यात पैसे किती लागतील ते. तिन्ही उत्तरं एकाच फाइलमध्ये असतात, पण एकाच पडद्यावर दिसत नाहीत. आधी प्रश्न ठरवायचा आणि मग त्याला साजेसा व्ह्यू, म्हणजे तीच माहिती वेगळ्या रूपात दाखवणारा पडदा, उघडायचा, ही सवय लागली की मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागतं.

मी बांधकामाची वेळापत्रकं करतो, म्हणून उदाहरण तळमजला अधिक एक मजल्याच्या घराचं घेतो. खालच्या पायऱ्या संगणकावर बसवलेल्या 2013 आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांना लागू पडतात, कारण 'रिपोर्ट' हा वेगळा टॅब तेव्हापासून आला.

पायरी 1: कॅलेंडर आपल्या साइटचं करा

प्रोजेक्टचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास असं असतं. आपल्याकडे शनिवारी काम चालतं, आणि बऱ्याच गावांत साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून बाजाराच्या दिवशी असते. 'प्रोजेक्ट' टॅबमध्ये 'चेंज वर्किंग टाइम' उघडा. 'वर्क वीक्स'मध्ये आठवडा नीट लावा आणि 'एक्सेप्शन्स'मध्ये गणपती, दिवाळीच्या सुट्ट्या टाका. दिवाळीत कामगार गावी गेले की दोन दिवसांत परत येत नाहीत, तेव्हा सुट्टी खरी असेल तेवढीच धरा.

इथेच एक बारीक गोष्ट सांगतो. स्लॅब टाकल्यावर त्याखालचे टेकू किती दिवस ठेवायचे हे आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात दिलेलं आहे: साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14. हे दिवस काँक्रीट मोजतं, मजूर नव्हे. काँक्रीटला बाजाराची सुट्टी नसते. म्हणून या कामाचा कालावधी लिहिताना 14 च्या पुढे नुसतं 'डी' न टाइप करता 'ई' आणि 'डी' अशी दोन अक्षरं टाइप करा. मग प्रोजेक्ट सुट्ट्या न वगळता सलग चौदा दिवस मोजतं. नुसतं 'डी' लिहिलं तर सहा दिवसांच्या आठवड्यात टेकू निदान दोन दिवस उशिरा निघताना दिसतील आणि त्यामागचं सगळंच पुढे सरकेल.

पायरी 2: काम सुरू होण्याआधी बेसलाइन घ्या

बेसलाइन म्हणजे सुरुवातीला ठरलेल्या तारखांची जपून ठेवलेली प्रत. 'प्रोजेक्ट' टॅब, 'सेट बेसलाइन', पुन्हा 'सेट बेसलाइन', ओके. एवढंच. पण हे चुकलं तर पुढचा सगळा लेख वाया आहे. सुरुवातीच्या काळात मी एका घराचं वेळापत्रक बेसलाइन न घेता चालवलं. तारखा बदलल्या की मी त्या फाइलमध्ये बदलत गेलो, कामांच्या पट्ट्या निमूटपणे पुढे सरकत गेल्या आणि फाइल कायम नीटनेटकी दिसत राहिली. शेवटी घरमालकांनी विचारलं, "ठरल्यापेक्षा किती दिवस उशीर झाला आणि कशामुळे?" माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. जुन्या तारखा मीच पुसल्या होत्या. त्या माणसाने घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरत ते महिने काढले होते. त्यांना नेमकं उत्तर मिळायला हवं होतं.

एका फाइलमध्ये एकूण अकरा बेसलाइन ठेवता येतात. मालकांनी मध्येच एक खोली वाढवली तर पहिली पुसू नका, पुढच्या क्रमांकाची घ्या.

पायरी 3: दर आठवड्याला खरी माहिती भरा

आठवड्याचा एक वार ठरवा आणि 'स्टेटस डेट', म्हणजे माहिती ज्या दिवसापर्यंतची आहे ती तारीख, त्या दिवसाची ठेवा. मग 'व्ह्यू' टॅबमधून 'टेबल्स', 'ट्रॅकिंग' हे टेबल उघडा.

बहुतेक जण इथे टक्केवारी भरतात. "गिलावा किती झाला?" "झाला की सत्तर टक्के." पुढच्या शनिवारी ऐंशी, त्याच्या पुढच्या शनिवारी पंचाऐंशी. माझा आग्रह आहे की टक्के विचारूच नका. तीन गोष्टी विचारा: काम खरंच कधी सुरू झालं, संपलं असेल तर कधी, आणि संपलं नसेल तर अजून किती दिवस लागतील? काम चालू असेल तर आतापर्यंत झालेले कामाचे दिवस 'ॲक्चुअल ड्युरेशन'मध्ये आणि तिसरं उत्तर 'रिमेनिंग ड्युरेशन'च्या रकान्यात भरा, टक्के प्रोजेक्ट स्वतः काढतं. "अजून किती दिवस?" असं विचारलं की मुकादम डोळ्यांपुढे भिंती आणतो, जिना उरलाय, मागची बाजू उरलीय असं मोजतो आणि मग आकडा सांगतो. तो आकडा भरवशाचा असतो.

यानंतर 'अपडेट प्रोजेक्ट'मध्ये जाऊन 'रीशेड्यूल अनकम्प्लीटेड वर्क' हा पर्याय स्टेटस डेटसाठी चालवा. नाहीतर न झालेलं काम मागच्याच तारखांवर पडून राहतं. मागच्या मंगळवारी वीटकाम होणार होतं आणि झालं नाही, तर ते आता मागच्या मंगळवारी होऊ शकत नाही. ही पायरी गाळली की शेवटची तारीख खोटी बोलते.

पायरी 4: प्रश्नाप्रमाणे व्ह्यू उघडा

उशीर कुठे झाला? त्यासाठी 'ट्रॅकिंग गँट'. प्रत्येक कामाला दोन पट्ट्या दिसतात: खालची राखाडी म्हणजे बेसलाइन, वरची म्हणजे आजची स्थिती. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजेच उशीर. हेन्री गँट हे अमेरिकन अभियंते 1919 मध्ये वारले, पण काळाच्या आडव्या रेषेवर काम मांडायची त्यांची रीत अजून कोणालाही, अगदी न शिकलेल्या माणसालाही, चटकन कळते. आकडा हवा असेल तर 'व्हेरिअन्स' टेबल लावा. 'फिनिश व्हेरिअन्स'च्या रकान्यात किती दिवस ते लिहिलेलं असतं.

कुठला उशीर खरा महागात पडणार? लाल पट्ट्या बघा. ती क्रिटिकल कामं, त्यातला एक दिवस गेला की घराचा ताबा एक दिवस पुढे जातो. बाकीच्या कामांसाठी 'टोटल स्लॅक' हा रकाना घाला. स्लॅक म्हणजे शेवटची तारीख न हलता काम जितके दिवस लांबू शकतं तेवढे दिवस. समजा कंपाउंडच्या भिंतीला 20 दिवसांचा स्लॅक आहे, तर ती आठवडाभर लांबली तरी आरडाओरडा करायचं कारण नाही. टेकू काढणं दोन दिवस लांबलं, तर मात्र आतलं वीटकाम, त्यामागची वायरिंगची पायपिंग आणि गिलावा सगळे रांगेत थांबतात.

मात्र हा हिशेब कामं एकमेकांना नीट जोडली असतील तरच खरा. ते तपासायला 'नेटवर्क डायग्रॅम' उघडा. या व्ह्यूचा मला एवढाच उपयोग आहे, पण तो मोठा आहे. पुढे बाणच न गेलेली चौकट शोधा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग असं सुटून पडलं असेल तर प्रोजेक्ट समजतं की ते शेवटच्या दिवसापर्यंत कधीही चालेल, आणि भरपूर स्लॅक दाखवतं. प्रत्यक्षात ते झाल्याशिवाय वरच्या मजल्याचा रंग कोण काढणार?

माणसं पुरतात का? 'रिसोर्स युसेज'. आपल्याकडे गवंडी चार, म्हणजे 'रिसोर्स शीट'मध्ये कमाल 400 टक्के (एका गवंड्याचे 100). एकाच आठवड्यात आतल्या वीटकामाला चार आणि कंपाउंडला दोन लावले की बेरीज 600 होते आणि 'गवंडी' हे नाव लाल होतं. अशा वेळी 'लेव्हल ऑल'चं बटण लगेच दाबू नका. ते हिशेबाने कामं पुढे ढकलतं, पण पावसाआधी काय उरकायला हवं हे त्याला ठाऊक नसतं. स्लॅक कोणाकडे आहे ते आपण वर पाहिलंच. कंपाउंड पुढे घ्या आणि चारही गवंडी आत लावा.

पायरी 5: ज्याचा त्याला रिपोर्ट द्या

'रिपोर्ट' टॅबमधल्या 'इन प्रोग्रेस' गटात दोन रिपोर्ट नेहमी एकमेकांत मिसळले जातात. 'लेट टास्क्स' म्हणजे स्टेटस डेटपर्यंत जेवढं व्हायला हवं होतं तेवढं न झालेली कामं. 'स्लिपिंग टास्क्स' म्हणजे ज्यांची संपण्याची तारीख बेसलाइनच्या पुढे गेली आहे ती कामं. त्यातली काही अजून सुरूसुद्धा झालेली नसतात. पहिला मागचं सांगतो, दुसरा पुढचं. शनिवारी मी दुसरा आधी वाचतो, कारण त्यातली न सुरू झालेली कामं अजून सावरता येतात.

घरमालकांना 'माइलस्टोन रिपोर्ट': जोतं, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, गिलावा, ताबा. पाच ओळी पुरतात. ठेकेदारांना 'कॅश फ्लो'. आलेखावर क्लिक केलं की बाजूला फील्ड लिस्ट उघडते, तिथे काळाचं एकक महिना करा, कारण वाळू-सिमेंटवाल्यांची बिलं महिन्याला येतात. कामांना खर्च भरलेला नसेल तर हा रिपोर्ट कोराच दिसणार, हे लक्षात ठेवा.

मुकादमाला रिपोर्ट नको. त्याला साधा गँट चार्ट द्या, 'डेट रेंज' फिल्टर लावून पुढच्या तीन आठवड्यांपुरता, एका पानावर छापून. साइटवरच्या खोलीत तो भिंतीला लावला की झालेल्या कामावर तो स्वतःच पेनने फुली मारतो, आणि पुढच्या शनिवारी भरायची अर्धी माहिती तिथेच मिळते.

रकाने, फिल्टर, रंग एकदा मनासारखे लागले की गँट चार्टच्या बटणाखाली 'सेव्ह व्ह्यू' करा आणि त्याला आपलं नाव द्या. माझ्या व्ह्यूचं नाव 'शनिवार' आहे. 'फाइल' मेनूतल्या 'ऑर्गनायझर'मधून तो आणि तुम्ही केलेले रिपोर्ट पुढच्या घराच्या फाइलमध्ये तसेच नेता येतात.