जलरंगातला प्रतीकवादी देवदूत : या चुका टाळा

देवदूत म्हटलं की पांढरे पंख, डोक्यामागे वलय आणि गोड चेहरा. प्रतीकवादी चित्रांचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतीकांतून अर्थ सांगणाऱ्या चित्रांचा, अभ्यास करायला बसलेल्यांच्या कागदावरही बहुधा हाच नाताळच्या भेटकार्डावरचा देवदूत उतरतो. प्रतीकवादी चित्रकार कार्लोस श्वाबचं 'कबर खोदणाऱ्याचा मृत्यू' (१८९५-१९००) आधी नीट बघा. बर्फातल्या कबरीत उभा असलेला म्हातारा, छातीशी धरलेला हात. त्याच्यासमोर मृत्यूची दूत. तिचे लांब पंख विळ्याच्या पात्यासारखे वळून त्याला वेढतात आणि तळहातावर हिरवी ज्योत. अर्थ आहे तो पंखांच्या त्या वळणात आणि ज्योतीत. चेहऱ्यावर भाव आणायची खटपट नंतर करा.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती याच ज्योतीपाशी. नेहमीचा प्रकार असा : उजेडाची जागा मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने) झाकायची, अंधार रंगवायचा आणि मग कागद आठवडाभर विसरायचा. एका विद्यार्थ्याने भर मे महिन्यात हेच केलं. फ्लुइड काढताना कागदाची सालच निघाली. ती जागा लपवायला त्याने पांढरा पोस्टर कलर थापला आणि वर ओला हिरवा वॉश (पातळ रंगाचा थर) दिला. पांढऱ्यातला डिंक पाण्याने पुन्हा सुटला, दोन्ही रंग मिसळले आणि मृत्यूदूताच्या हातात पिस्ता आइस्क्रीम आलं.

फ्लुइड लावायचंच असेल तर पूर्ण कोरड्या कागदावर लावा, शक्यतो त्याच दिवशी काढा आणि कागद ओलसर असताना हात लावू नका. खरं तर एवढ्याशा ज्योतीसाठी फ्लुइड लागतच नाही. पेन्सिलीने हलकी कड आखा आणि ब्रश तिथून वळवून न्या. आत व्हिरिडियन या निळसर हिरव्या रंगाचा अगदी पातळ वॉश. इथे थॅलो ग्रीन हा गडद हिरवा नको, तो कागदात मुरतो आणि उचलता येत नाही. व्हिरिडियन ओल्या ब्रशने बराचसा निघतो. पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग) सगळ्यात शेवटी, तोही हवा तो हिरवा आधी त्यातच कालवून. वरून वॉश नाही म्हणजे नाही.

पंखांना ट्यूबमधला काळा लावू नका, तो मेलेला दिसतो. व्हिरिडियनमध्ये पर्मनंट अलिझरिन हा गडद लाल थोडा थोडा मिसळा. हिरवाही नाही आणि लालही नाही अशी छटा आली की थांबा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून दोन-तीन थर लागतील. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. हेअर ड्रायर घेऊन बसणाऱ्यांना एवढंच सांगणं : आधी कागदावरची चमक जाऊ द्या, नाहीतर हवेच्या झोताने रंग वाहतो.

'गॉश वापरला की तो जलरंग नाही' असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. श्वाबच्या या चित्रात जलरंगासोबत गॉश आणि पेन्सिल दोन्ही आहेत.

ए-फोरवर हे चित्र करू नका. मूळ चित्र साधारण ७५ × ५६ सेंमी, म्हणजे २२ × ३० इंचांचा पूर्ण ताव. निदान अर्धा ताव घ्या, ३०० जीएसएम (जाड), कॉटन, हॉट प्रेस (गुळगुळीत). खरबरीत कागदावर बारीक रेघ तुटते.

पंख पाठीला चिकटवल्यासारखे दिसतात? ते खांद्याच्या पात्यातून निघायला हवेत. घारीचा पसरलेला पंख समोर ठेवून काढा.

रशियन चित्रकार व्रुबेलच्या 'डेमन'ला सैतान समजून शिंगं काढू नका. कवी लेर्मोंतोवच्या त्याच नावाच्या काव्यासाठी १८९०-९१ मध्ये काळ्या जलरंगात त्याने जो रंगवला, तो दुष्ट कमी आणि दुःखी जास्त आहे.

फिनिश चित्रकार सिम्बर्गचा 'जखमी देवदूत' (१९०३) तैलरंगात आहे. त्याचे जलरंगातले थर शोधत बसू नका. अर्थ सांगायला त्याने स्वतः नकार दिला होता, तेव्हा तुमच्या चित्राखालीही परिच्छेदभर खुलासा नको.

सोनेरी रंग वर्ज्य नाही. इंग्रज चित्रकार बर्न-जोन्सने 'सृष्टीचे दिवस' या चित्रमालेतल्या देवदूतांसाठी खऱ्या सोन्याची पूड डिंकात कालवून वापरली. पण तो हात सगळे वॉश वाळल्यावरचा, आणि दुकानातली ग्लिटर पेनं त्यात मोडत नाहीत.