जुना हॅम सेट (हौशी रेडिओचा संच) ऑनलाइन घेताना पैसे आधी देऊ नका

फोटो बघून भुलू नका. एकच फोटो चार जाहिरातींत फिरत असतो. विक्रेत्याला सरळ सांगा: व्हिडिओ कॉल लावा, सेटशेजारी आजची तारीख आणि तुमचा कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळालेलं रेडिओवरचं ओळखनाव) लिहिलेला कागद ठेवा आणि आता मी सांगतो ती फ्रिक्वेन्सी लावा. मी ७.०८० मेगाहर्ट्झ सांगतो. डायल फिरताना आकडे बदलताना दिसले पाहिजेत. मग डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा चाचणीचा भार) लावून पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबून बोलायला सांगा आणि बाहेर पडणारी पॉवर मोजणाऱ्या वॉटमीटरचा काटा हलताना दाखवायला लावा. मागच्या पट्टीवरचा सिरियल नंबरही वाचून घ्या. ज्याच्याकडे सेट खरंच आहे, त्याला हे दहा मिनिटांचं काम. "बदली झालीय, आजच अ‍ॅडव्हान्स पाठवा" म्हणाला की फोन ठेवा.

व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारा भारतीय कॉलसाइन सांगितला म्हणून माणूस खरा ठरत नाही, तो कुणाचाही उचलता येतो. त्या भागातल्या ओळखीच्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, विचारा. हॅम रेडिओचं लायसन्स तुमच्याकडेही हवंच.

सेट पुण्यात असेल तर सकाळची एसटी धरा, हातात घेऊन बघा आणि मगच पैसे द्या. कोल्हापूर-सांगलीकडचा असेल तर स्क्रू आणि अँटेनाचं सॉकेट नीट तपासा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेला सेट बाहेरून पुसून चकाचक करता येतो, पण खाचेतला गंज लपत नाही.

पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.