सॉनातून थेट अंथरुणात नको

फिनलंडमध्ये हेलसिंकी-एस्पोकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये बाथरूमला लागून विजेचा छोटा सॉना असतो, म्हणजे दगड रचलेल्या शेगडीने तापवायची, घाम काढायची लाकडी खोली. आपली मंडळी त्यात सुटकेसा ठेवतात, कपडे वाळत घालतात. ते सगळं आधी बाहेर काढा. शेगडीवर पडलेल्या कपड्याने आग लागते.

झोपेसाठी सॉना घ्यायचा तर वेळ उलटी मोजायची. अकराला झोपायचं असेल तर साडेनऊला शेगडी बंद झालेली हवी, म्हणजे ती आठच्या सुमारास लावा. दिवसभर बदलत राहणाऱ्या दराने वीज घेणारे लोक दर उतरायची वाट बघत दहाला शेगडी लावतात. वीज स्वस्त पडते, पण झोपेची वेळ निघून जाते.

70 ते 80 अंश पुरेत. अंग धुऊन, टॉवेल पसरून बसा, दगडांवर थोडं थोडं पाणी टाका. आठ-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये विश्रांती. गरगरलं तर लगेच बाहेर. दारू अजिबात नको. हृदयविकार, कमी रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरं काम बाहेर आल्यावर सुरू होतं. मला सगळ्यात उशिरा जमलं तेही हेच. झोप उष्णतेने येत नाही, उष्णता अंगाबाहेर पडू लागली की येते. रात्र होते तसं शरीराच्या आतलं तापमान उतरतं आणि त्या उतारावर डोळा लागतो. सॉनाने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळहात-तळपायांतून उष्णता भराभर बाहेर जाते आणि उतार पक्का होतो. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये गरम पाण्याच्या आंघोळीवरचे अभ्यास एकत्र तपासले. झोपेच्या एक-दोन तास आधी 40 ते 42.5 अंशांच्या पाण्याने आंघोळ केली, तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागत होती. ती आंघोळ होती, सॉना नव्हे. पण शरीर थंड होण्याची रीत तीच, आणि अंगात जास्त उष्णता साठल्यावर उतरायला वेळ द्यायलाच हवा.

म्हणून दोन सल्ले कानाआड करा. पहिला, बाहेर येताच बर्फाळ पाण्याखाली उभं राहण्याचा. सकाळी खुशाल करा. रात्री त्याने रक्तवाहिन्या आवळतात, छाती धडधडते आणि माणूस टक्क जागा होतो. दुसरा, ऊब टिकावी म्हणून लगेच पांघरुणात शिरण्याचा. अर्ध्या तासात चादर ओली होते आणि तुम्ही उठून बसता.

कोमट पाणी अंगावर घ्या, पुसा, आणि टॉवेल सैल गुंडाळून खुर्चीत बसा. थंडीत बाल्कनीत दोन-चार मिनिटं चालतील, पायात चपला घालून. जूनमध्ये मात्र रात्री दहालाही बाहेर लख्ख उजेड असतो, तेव्हा पडदे ओढून आतच बसा. अंग पुसल्यावर पुन्हा घाम फुटतोय का, हे मानेमागे हात लावून बघा. फुटत असेल तर कपडे घालू नका. या वेळात पाणी किंवा पातळ ताक घोट-घोट प्या. निजताना तांब्याभर प्यायलात तर रात्री उठावं लागेल.

घाम थांबला की सुती कपडे घाला. पावलं गार पडली असतील तर पातळ मोजे चढवा, कारण गार पावलांतून उष्णता नीट बाहेर पडत नाही. निजायची खोली 18-19 अंशांवर ठेवा.

शेगडी पूर्ण निवली तरी तिच्यावर काही वाळत घालू नका. सॉनाचं दार रात्रभर उघडं राहू द्या, म्हणजे लाकूड कोरडं होईल.