नऊ जणांचं बिऱ्हाड जहाजावर

क्रूझचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, "तिकडे बघायला काय काय आहे?" तिकडे फारसं काही नाही. गोव्याला उतरलात तर हातात जेमतेम दिवस मिळतो, बाकी सगळा वेळ त्या दहा-अकरा मजल्यांवरच काढायचा असतो. जहाज हेच ठिकाण. हे ज्यांना पटतं त्यांनी जावं. ज्यांना रोज तीन देवळं आणि दोन धबधबे लागतात त्यांनी गाडी करून कोकणात जावं, स्वस्तही पडेल.

आमच्यात सासू-सासरे, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची पाच वर्षांची मनू. एवढी माणसं मी मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर चढवली आणि न भांडता परत आणली, म्हणून सोसायटीतल्या बायका मला विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी महिना ठरवा. मुंबईच्या फेऱ्या साधारण ऑक्टोबर ते मे असतात, पावसाळ्यात आपला समुद्र कुणाला उभा करत नाही. त्यातही डिसेंबर ते मार्च शांत. नाताळात दर चढतात, मुलांची शाळा एक-दोन दिवस बुडवायची तयारी असेल तर जानेवारी पकडा. २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही क्रूझ बोट मुंबई-गोवा जायला लागली तेव्हा शेजारीपाजारी सगळे क्रूझची चौकशी करायला लागले होते, मग २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' आलं. हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं जहाज. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या यावर होत आल्यात. पहिल्यांदा जाताना छोटीच फेरी घ्या. आपल्या माणसांना पाणी सोसतं का, हे त्यात कळतं.

दर वाचताना डोळे उघडे ठेवा. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा 'माणशी, दोघांत एक खोली' असा असतो. बंदराचे शुल्क, जीएसटी, कर्मचाऱ्यांची टिप हे वर लागतं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर कमी असतो, म्हणून चौघांचं कुटुंब एका खोलीत बसवायचा मोह होतो. लहान मुलं असतील तर बसवा. सासू-सासऱ्यांना मात्र वेगळी खोली द्या, इथे काटकसर नको. घरात कुणी गरोदर असेल तर आधी विचारा, बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांपुढे घेत नाहीत. तान्ह्या बाळालाही वयाची अट असते.

आता खोली. यावर मी सगळ्यांत जास्त डोकं खपवलं आणि ते सार्थकी लागलं. जहाजाचा नकाशा कंपनीकडून मागून घ्या. तुमच्या खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असाव्यात. वर नाचाचा हॉल किंवा तरणतलाव असला की मध्यरात्री खुर्च्या ओढल्याचे आवाज डोक्यावर. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हलतं सगळ्यांत कमी, तेव्हा ज्यांना एस.टी. लागते त्यांची खोली तिथे. लिफ्टच्या जवळ हवी, पण लिफ्टच्या समोर नको. आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी पावलं मोजून मी खोली निवडली होती.

बाल्कनी की आतली खोली? माझं मत असं, की दोन खोल्या घेत असाल तर एक खिडकीवाली, तीही म्हाताऱ्यांना. तरुण मंडळी खोलीत झोपण्यापुरतीच येतात. आतल्या खोलीत दिवा मालवला की मिट्ट काळोख, सकाळ झालेली कळत नाही. मुलं नऊपर्यंत हूं की चूं न करता झोपतात, हा मी फायदाच धरते. बाल्कनी घेतलीत तर बाजू विचारा. मुंबईहून दक्षिणेला जाताना डाव्या हाताला किनारा आणि उजव्या हाताला सूर्यास्त. परतताना उलट.

खोल्या लहानच असतात. मुलांचा बिछाना भिंतीतून किंवा छतातून खाली ओढतात, त्यावर कोण झोपणार याचा निकाल घरूनच लावून निघा. न्हाणीघराला उंच उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री उठणाऱ्या माणसाला तो पहिल्याच दिवशी हाताला धरून दाखवा. आणि संडासात पाणी धो धो येत नाही, हवेने खेचतात, तेव्हा असा काही आवाज होतो की मनू "मला पण ओढून नेईल" म्हणून बाहेर पळाली. झाकण लावा, मग बटण दाबा, असं लहानांना आधी सांगून ठेवा.

सामानात दोन गोष्टी अशा, ज्या कुणी सांगत नाही. जहाजावरच्या खोल्यांच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, तेव्हा लोहचुंबकाचे हुक घेऊन जा. ओले पोहण्याचे कपडे, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीला टांगता येतं आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा उरते. दुसरी, रिकामा थर्मास. विजेची किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड हे चढतानाच काढून घेतात, आगीची भीती. तपासनीस थर्मासकडे बघतसुद्धा नाहीत. सासूबाईंना साडेपाचला चहा लागतो. चहा-कॉफीचं यंत्र कुठल्या मजल्यावर आणि पहाटे चालू असतं का, हे मी पहिल्याच संध्याकाळी शोधून ठेवलं, आणि घरातली शांतता तिथेच विकत घेतली. उदबत्ती, निरांजन, धूप यांना अर्थातच मनाई. सासूबाईंना आधी सांगितलं होतं, तरी खोलीतल्या धुराच्या यंत्राकडे बोट दाखवून पुन्हा सांगावं लागलं. मग त्यांनी मानसपूजा केली आणि वर म्हणाल्या, "बरं झालं, आज फुलंही नव्हती."

बाकी नेहमीचंच: थिएटरात एसी गारठवतो म्हणून शाल, डेकवर वारा सोसाट्याचा म्हणून बंदाची टोपी, नायलॉनचे पोहण्याचे कपडे. रोजच्या गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या घ्या. जहाजावर डॉक्टर असतात, पण तपासणीचे पैसे वेगळे लागतात, विमा काढलेला बरा. एका रात्री नटूनथटून जेवायची पद्धत असते. जाऊबाईंनी पैठणी नेसली आणि त्या दिवशी जहाजाच्या फोटोग्राफरला दुसरं कुणी दिसेना.

चढण्याच्या दिवशी बॅलार्ड पिअरला दिलेल्या वेळेलाच पोचा. देशातल्या देशात फिरणार असाल तर आधारकार्ड चालतं, मुलांचंही मूळ कार्ड हवं. श्रीलंकेसारख्या फेरीला पासपोर्ट. मोठ्या बॅगा खालीच घेतात आणि त्या खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मे, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. बाकीच्यांच्या बॅगा येईपर्यंत आमची पोरं तरणतलावात होती.

सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सुरक्षेची कवायत होते. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडालं, त्यानंतर हा आंतरराष्ट्रीय नियम कडक झाला, तेव्हा कुणालाही सुटका नाही. सात छोटे भोंगे आणि एक लांब, असा इशारा. आपण जमायची जागा कार्डावर किंवा दाराच्या मागे लिहिलेली असते. लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट तिथेच मागून घ्या, नंतर विसरतं. दीर म्हणाले, "मी खोलीतच पडतो." त्यांना मी जाऊबाईंच्या स्वाधीन केलं.

कवायत आटपली की उजव्या बाजूला कठडा धरून उभे राहा. आधी नौदलाची गोदी येते (तिचे फोटो काढायचे नाहीत), मग गेटवे आणि ताज, आपण एरवी कधी बघत नाही त्या बाजूने. पुढे कुलाब्याचं टोक आणि प्राँग्जचा दीपस्तंभ, तो १८७५ सालचा. नंतर डावीकडे या, अलिबागजवळचे खांदेरी-उंदेरी उजेड असेल तर दिसतात. आमचे सासरे, अण्णा, वेंगुर्ल्याचे. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी गेलेले. तेव्हाची बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत जायची, आणि डेकवर पथारी टाकायला जागा मिळाली तरी माणूस नशीबवान. त्यांच्या गोष्टी तासभर चालल्या. मुलांना ऐकायला बसवायचं तर हीच वेळ, कारण मोबाइल बंद पडायला लागलेला असतो.

मोबाइलचं नीट समजून घ्या. किनारा सुटला की आपलं नेटवर्क जातं आणि जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क फोन आपण होऊन पकडू शकतो. त्याचं बिल रोमिंगचं येतं. सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हाताऱ्यांचेही. वायफायचे पैसे वेगळे. मग नऊ जण एकमेकांना शोधणार कसे? आम्ही दाराला चुंबकाने कागद लावला. बाहेर पडणाऱ्याने कुठे चाललो आणि कधी येणार ते लिहायचं. पहिल्या दिवशी माझ्या मुलाने लिहिलं, "पोटाच्या मार्गावर." त्याला बुफेत गाठला.

या सगळ्यात माझा खरा नियम एकच, आणि तो निघायच्या आधी जेवणाच्या टेबलावर सांगून टाकावा: दिवसभर कुणी कुणाच्या मागे लागायचं नाही, रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र. आपल्याकडे सहल म्हटली की झाडून सगळे एका गाडीत, एका फोटोत. जहाजावर तो हट्ट धरलात तर सगळेच वैतागतात. अण्णांना डेकवर खुर्ची टाकून पाणी बघायचं असतं, दिरांना कॅसिनोत डोकावायचं असतं, मुलांना त्यांच्या खेळायच्या खोलीत सोडायचं, जाऊबाईंना जादूचे प्रयोग, आणि मला कुणीही "आई" म्हणून हाक मारणार नाही अशी एक जागा. सगळं मिळतं, आणि कुणी हरवत नाही. कठडे सोडून बाकी कुठे भीती नाही. तिथे खुर्ची ओढून चढायचं नाही, हे पोरांना दरडावूनच सांगा. रोजचा कार्यक्रम छापून किंवा अ‍ॅपवर येतो, त्यातल्या प्रत्येकाने दोनच गोष्टी निवडाव्यात. सगळंच बघणारी माणसं घरी येऊन आजारी पडतात.

जेवणाचं. 'पैसे वसूल' हा रोग बुफेत बळावतो. पहिली फेरी रिकाम्या हाताने मारा, काय काय आहे ते बघा, मग ताट घ्या. शाकाहारी आणि जैन जेवण आपल्या जहाजांवर सहज मिळतं, तरी आरक्षण करताना सांगून ठेवा. जेवायच्या आधी हात साबणानेच धुवा. जहाजावर पोटाची साथ पसरली तर झपाट्याने पसरते आणि तिचा विषाणू, नोरोव्हायरस, सॅनिटायझरला दाद देत नाही. आणि रात्रीच्या खेळानंतर लिफ्टला झुंबड उडते. म्हाताऱ्यांना घेऊन पाच मिनिटं आधी उठा किंवा दहा मिनिटं बसून राहा.

बोट लागण्याची भीती सगळ्यांना असते. गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची आणि हलायला लागण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. त्या गोळीने झोप येते, तेव्हा मुलांना परस्पर देऊ नका. उपाशी राहू नका, तुडुंबही जेवू नका. गरगरायला लागलं तर खोलीत आडवं होण्यापेक्षा डेकवर मध्यावर येऊन लांब क्षितिजाकडे बघा. आलेपाकाच्या वड्या मी डबाभर नेल्या होत्या (कोरडा खाऊ चालतो का ते विचारून), आमच्याइतक्याच शेजारच्या गुजराती कुटुंबाने खाल्ल्या.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून पणजी तीसेक किलोमीटर, म्हणजे कळंगुटचे मनसुबे सोडा. वास्को, बोगमाळो, नाहीतर मंगेशी गाठा आणि वेळेत परता. जहाज कुणासाठी थांबत नाही. लक्षद्वीपचं वेगळं. तिथे जायला परवाना लागतो, तो कंपनी काढते का हे आधीच विचारा. जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान होडीने किनाऱ्यावर नेतात. होडी खालीवर होत असते, दोन खलाशी दंड धरून उतरवतात, तेव्हा पट्ट्याच्या चपला घाला आणि हात रिकामे ठेवा. अण्णा "हा आमचा पडावच की!" म्हणत आमच्या आधी उतरले (पडाव म्हणजे बोटीपासून किनाऱ्यापर्यंत नेणारी होडी). सासूबाई वरच थांबल्या, आणि तो दिवस रिकाम्या जहाजावर त्यांनी मजेत काढला. वारा असला तर उतरणं रद्द होऊ शकतं, तो निर्णय कप्तानाचा, त्यावर वाद घालून उपयोग नाही. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, खोलीच्या कार्डावरच सगळं लिहिलं जातं. मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या. शेवटच्या संध्याकाळी, जेवणाच्या आधी, बिलाचा कागद काउंटरवरून मागून ओळ न् ओळ तपासा. सकाळी तिथे रांग असते आणि कुणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतं. मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी उद्याचे कपडे, गोळ्या आणि आधारकार्डं बाजूला काढा. आमच्या शेजारच्या खोलीतले काका सकाळी नाइट ड्रेसमध्येच उतरले.